उतरवलेली घरं

पुण्याच्या पेठेतला जुना वाडा पाडायला निघाला की पाडकामाचा ठेकेदार मालकाकडे मजुरी मागत नाही, तोच मालकाला पैसे देतो. वाड्यातून सागाचं लाकूड किती घनफूट निघेल, त्यातलं उभं किती आणि आडवं किती, याचा अंदाज बांधून तो रक्कम सांगतो. रक्कम ठरली की आतलं सगळं त्याचं: खांब, तुळया, कड्या, पाट, जिने, दारं, खिडक्या, कौलं, विटा, घडीव दगड. साठ-सत्तरच्या दशकातली आर.सी.सी. इमारत असेल तर हिशोब बदलतो. तिथे सळया, खिडक्यांचे गज, नळ आणि वायर एवढाच माल, आणि तोडायचे कष्ट मात्र दुप्पट. घर जितकं जुनं तितकं आतून मौल्यवान, हे त्यात राहणाऱ्यांना कळायच्या आधी पाडणाऱ्याला कळलेलं असतं.

या कामाबद्दल आपल्याकडे फारसं लिहिलं गेलेलं नाही. इमारत उभी राहते तेव्हा भूमिपूजनाचे फोटो निघतात, वास्तुविशारदाचं नाव लागतं. ती पडते तेव्हा बातमी येते ती अपघात झाला तर. मधले काही आठवडे, म्हणजे माणसं सामान घेऊन गेल्यापासून पोकलेन दारात उभा राहीपर्यंतचे, कोणाच्याच नोंदीत नसतात. खरं कसब त्याच आठवड्यांत लागतं.

सौदा करायला आलेला मुकादम वाड्यात शिरला की आधी वर बघतो. तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे पहारेचं टोक खुपसून पाहतो, कारण भिंतीतून उतरलेलं पावसाचं पाणी तिथेच मुरतं. मधे ठणठणीत आणि टोकांना भुसा झालेल्या तुळया पुष्कळ निघतात. टोकं कापली की लांबी घटते आणि लांबी घटली की भाव उतरतो. मोरीच्या बाजूचे खांब, पन्हळीखालचे वासे, संडासाला लागून असलेली खोली इथे त्याचा जास्त वेळ जातो. हातोडीने लाकूड वाजवून तो आवाज ऐकतो. सागाला वाळवी सहसा शिवत नाही, कारण त्याच्या गाभ्यातलं तेल तिला सोसत नाही; पण वाड्यातलं सगळंच लाकूड सागाचं नसतं. मधल्या एखाद्या दुरुस्तीत स्वस्तातलं जंगली लाकूड घातलेलं असतं, वर तोच तपकिरी रंग मारलेला असतो, आणि दोन्हींतला फरक नखाने रंग खरवडल्यावरच कळतो.

काम सुरू होतं ते विजेपासून. जोडणी तोडली गेली आहे याची खात्री झाली की तांब्याच्या वायर ओढून काढतात. त्यांच्यावरचं आवरण सोलायला वेळ लागतो म्हणून पुष्कळदा ते जाळलं जातं, आणि त्या धुराने मजुरांच्या छातीचं जे होतं त्याचा हिशोब कोणाच्या वहीत नसतो. मग पितळी कड्या-कोयंडे, बिजागऱ्या, नळ. मग दारं आणि खिडक्या चौकटीसकट. भिंत न फोडता चौकट काढायची तर तिच्या कडेचा चुना आधी छिन्नीने मोकळा करावा लागतो. मुख्य दरवाज्यावरची गणेशपट्टी शाबूत निघाली तर तिचा भाव वेगळा लागतो.

मग कौलं. ती फेकायची नसतात. छपरापासून रस्त्यापर्यंत माणसांची ओळ लागते आणि कौलं हातोहात खाली येतात. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतर किनाऱ्यावरून ही चपटी, खाचेत खाच बसणारी कौलं आपल्याकडे आली. कौल पालथं केलं की कारखान्याचं नाव आणि छाप अजून वाचता येते. शंभर पावसाळे खाल्लेलं धड कौल कोकणात आजही गोठ्यावर किंवा पडवीवर पुन्हा चढतं.

छप्पर उतरल्यावर खरी परीक्षा सुरू होते. वाड्याचा सांगाडा लाकडी. दगडी जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर खांब, खांबांच्या डोक्यावर हात, हातांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि पाटांवर मातीचा जाड थर. विटांच्या भिंती या सांगाड्याच्या आधाराने उभ्या असतात. म्हणून नुसतं लाकूड ओढून काढलं तर भिंत एकटी पडते आणि कोसळते. नुसती भिंत पाडली तर खांब एका अंगाला झुकतो. दोन्ही एकमेकांच्या बरोबरीने, मजल्यामागून मजला, वरून खाली उतरवावं लागतं. आधी पाटांवरची माती घमेल्यांनी काढायची, म्हणजे मजल्यावरचा भार जातो. मग पाट, मग कड्या. भिंतीच्या विटा तुळईच्या खालपर्यंत आणायच्या आणि तुळईला दोन्ही टोकांना दोरखंड बांधून झाल्यावरच तिची टोकं मोकळी करायची.

जुन्या सुताराने सांधे खिळ्यांवर सोडलेले नसतात. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून त्यातून आरपार लाकडी खुंटी ठोकलेली असते. ती खुंटी ज्या बाजूने ठोकली त्याच्या उलट बाजूने मारली तर सुटते. चुकीच्या बाजूने मारली तर अजून आवळते आणि शेवटी खाच फाटते. कुठली बाजू कुठली हे खुंटीच्या डोक्याकडे पाहून ओळखायचं असतं. हे शिकवणारी कुठलीही शाळा नाही. जोडणाऱ्याच्या मनातली पायरी उलट क्रमाने वाचणारा माणूस हवा, आणि असा माणूस मी पाहिला आहे. सांध्यावर हात ठेवून तो थोडा वेळ नुसता उभा राहतो आणि मग दोन घावांत खुंटी बाहेर काढतो. त्याच्या कामगार नोंदणीच्या कागदावर, असलाच कागद तर, ‘बिगारी’ लिहिलेलं असतं. मला हे सहन होत नाही. सुताराला आपण कारागीर म्हणतो. त्याचं काम न मोडता सोडवणारा तेवढ्याच तोलाचा कारागीर आहे.

विटांचंही तसंच. मातीत किंवा चुन्यात रचलेली वीट हलक्या हाताने सुटते, थापीच्या कडेने खरवडली की पुन्हा वापरायला तयार. सिमेंटमध्ये रचलेली वीट सुटत नाही, फुटते. सिमेंटने आपली घरं भक्कम केली, पण ती पुन्हा सुटी होण्याची सोय काढून घेतली. आज बांधलेलं घर उद्या पाडलं तर त्यातून निघेल तो फक्त राडारोडा.

उतरलेलं लाकूड वखारीत जातं. तिथे अंबूर घेऊन बसलेली माणसं खिळे उपटतात. आत राहिलेला एकच खिळा आरा गिरणीचं पातं तोडतो, म्हणून गिरणीवाला असा माल घेताना दहादा विचारतो. लोहचुंबक फिरवतात, शंका आली तिथे छिन्नी मारून बघतात. वरचा काळपट थर कापला गेला की आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघतं. ते वाकत नाही, पिळत नाही. वाळायचं तेवढं ते कधीच वाळून झालेलं असतं. चांगला सुतार नव्या लाकडापेक्षा या लाकडाला हात घालायला अधीर असतो. मुंबईत असं लाकूड जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जातं आणि तिथून टेबलं, पलंग, कपाटं होऊन शहरभर पसरतं.

मुंबईच्या जुन्या इमारतींतलं उत्तम लाकूड बर्मातलं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी वॉलेस बंधूंनी १८६३ साली काढली ती तिथल्या सागाच्या जोरावर. १८८५ मध्ये मंडालेच्या दरबाराने ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेल्याचा ठपका ठेवून कंपनीला जबर दंड केला. तो वाद इंग्रजांना निमित्त म्हणून पुरला. तिसरं बर्मा युद्ध झालं, राज्य खालसा झालं आणि थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं गेलं. १९१६ साली तो तिथेच वारला. गिरगाव-काळबादेवीच्या एखाद्या चाळीचा जिना उतरवला जात असताना मला रत्नागिरीचा थिबा पॅलेस आठवतो, कारण ते लाकूड आणि तो राजा एकाच हिशोबात आपल्या किनाऱ्याला लागले. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली. जुन्या वाढीचा तो साग आज ज्या जागी सहज हाताला लागतो ती जागा म्हणजे आपल्या पडायला आलेल्या इमारती.

त्या किती आहेत? १९६९ साली मुंबईत इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला तेव्हा उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारती १९,६४२ होत्या. त्यांतल्या १६,५०२ ‘अ’ वर्गातल्या, म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या. त्यांत लाकडी सांगाड्याच्या इमारती भरपूर. त्यानंतरच्या दुरुस्त्यांमध्ये पुष्कळ ठिकाणी लाकडी तुळईखाली लोखंडी गर्डर आले, कुठे जिन्याजवळचा भाग काँक्रीटचा झाला, कुठे संडासांचा बुरूज नवा उठला. अशी मिश्र इमारत उतरवणं शुद्ध वाड्यापेक्षा अवघड असतं. कुठला भार कशावर आहे हे कोणालाच नक्की माहीत नसतं. दुरुस्ती करणाऱ्याने काढलेला आधार आणि घातलेला आधार यांचा नकाशा बहुतेकदा सापडत नाही, आणि मुकादम तो डोळ्यांनी शोधतो.

बी.डी.डी. चाळींची गोष्ट निराळी. सर जॉर्ज लॉईड गव्हर्नर असताना १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. एकट्या वरळीत १२१. तळमजला अधिक तीन, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. या चाळी काँक्रीटच्या आहेत, त्यामुळे इथे सागाच्या तुळया नाहीत. इथे आतलं सगळं माणसांनी शंभर वर्षांत स्वतः घातलेलं आहे: पोटमाळा, कडप्प्याचा ओटा, मोरीचा कट्टा, भिंतीत बसवलेली कपाटं, भांड्यांची लोखंडी मांडणी, दारावरची देवाची चौकट. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या राहायच्या तर उंचीचा उपयोग केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. लग्न ठरलं की पोटमाळा वाढायचा.

अशा खोल्या ठेकेदार रिकाम्या करण्याआधी घरातली बाईच रिकाम्या करते. ओट्याची लादी निघेल का, हे ती चावी देण्याआधी विचारून घेते. पंखा, गिझर, खिडकीची जाळी टेम्पोत जाते. लादी सहसा निघत नाही, तडकते. पोटमाळ्याच्या फळ्या भंगारवाला किलोवर नेतो, आणि त्या फळ्यांवर पोरांनी कोरलेली नावं, उंचीच्या खुणा, बारावीच्या पाठांतरासाठी लिहिलेली सूत्रं त्याच वजनात जातात. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ५०० चौरस फुटांचं घर मिळणं ही त्या माणसांच्या हक्काची गोष्ट आहे आणि जुन्या खोलीबद्दल बाहेरच्याने हळवं होऊन त्यांच्या आनंदात माती कालवू नये. माझी तक्रार चाळ पडण्याबद्दल नाही. आत काय होतं हे न मोजता, न टिपता ती रिकामी होते, याबद्दल आहे. एक पोटमाळा मोजायला टेप, कागद आणि एक दुपार पुरते.

नूतनीकरणातल्या तोडफोडीबद्दल थोडंच लिहितो, कारण ती रोजची आहे. सदनिका विकत घेतली की पहिलं काम जुन्या फरशा उखडणं, न्हाणीघर फोडणं, दोन खोल्यांमधली भिंत काढून दिवाणखाना मोठा करणं. यातली कुठली भिंत नुसती आडोशाची आणि कुठली भार वाहणारी, हे घणाच्या पहिल्या घावाआधी कळायला हवं. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली साईसिद्धी ही इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर, पूर्वी नर्सिंग होम असलेल्या जागेत, नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यांवर माणसं राहत होती. रिकामी इमारत उतरवताना माणूस जितका जपून वागतो त्याच्या दुप्पट जपणूक भरल्या इमारतीत लागते, आणि नेमकी तिथेच ती नसते. सोसायटीने अभियंत्याचा दाखला मागितला तर सभासद चिडतो. चिडू द्यावा.

आता धुळीबद्दल. चुना, माती, सिमेंट, दगड यांची धूळ फुप्फुसात बसते आणि उतरत नाही. सिमेंटचे पत्रे म्हणून आपण ओळखतो त्या छपरांत आणि जुन्या पाइपांत ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा शाबूत असेपर्यंत धोका कमी. तो घणाने फोडला की त्याचे न दिसणारे तंतू हवेत येतात आणि त्यांच्यामुळे होणारा कर्करोग कित्येक वर्षांनी उभा राहतो. ब्रिटनने १९९९ साली ॲस्बेस्टॉसचा वापर पूर्ण बंद केला. तिथे जुनी इमारत पाडण्याआधी ते कुठे आहे याची पाहणी करावी लागते आणि ते आधी वेगळं काढावं लागतं. आपल्याकडे खाणकाम थांबलं, आयात चालू राहिली. मजूर तोंडाला पंचा बांधून पत्रे फोडतात. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने बांधकामाच्या व्याख्येत पाडकाम स्पष्टपणे घेतलं होतं. पण नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि पाडकामाच्या टोळीतला माणूस एका ठेकेदाराकडे आठ दिवस, दुसऱ्याकडे पंधरा दिवस असतो. दाखला द्यायचा कोणी?

मोठ्या प्रमाणावर आणि शिस्तीने हेच काम कसं होतं ते २८ ऑगस्ट २०२२ रोजी देशाने दूरदर्शनवर पाहिलं. नोएडाचे जुळे मनोरे काही सेकंदांत खाली बसले. ते काम मुंबईच्या एडिफिस इंजिनिअरिंगने दक्षिण आफ्रिकेच्या जेट डेमोलिशनच्या मदतीने केलं. सुमारे ३,७०० किलो स्फोटकं लागली, हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्याआधी कित्येक महिने माणसं मजल्यामजल्यावर फिरून दारं, खिडक्या, तारा, नळ आणि आतल्या विटांच्या भिंती काढत होती, हे कमी लोकांना आठवतं. आतलं भरण काढल्याशिवाय सांगाडा हवा तसा खाली बसला नसता.

२०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या नियमांनी दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून जास्त कचरा करणाऱ्याला तो चार भागांत वेगळा करायला सांगितलं: काँक्रीट; माती; पोलाद, लाकूड आणि प्लास्टिक; विटा आणि चुना-सिमेंट. काम सुरू करण्याआधी स्थानिक संस्थेकडून आराखडाही मंजूर करून घ्यायचा होता. नियम योग्यच होता. पण तो कचऱ्याचा नियम होता. धड तुळई, धड दार, धड फरशी त्यात कचऱ्याच्याच एका खान्यात बसायची, आणि कागदावर जो कचरा तो पोकलेनच्या बादलीत कचऱ्यासारखाच उचलला जातो.

पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडचा मस्तानी महाल उभा आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या काका केळकरांनी दिवे, अडकित्ते, वाद्यं जमवता जमवता दारं आणि खिडक्याही जमवल्या, आणि कोथरूडच्या त्या जीर्ण वास्तूचे भाग आणून पुन्हा जोडले गेले. कर्नाटकात मणिपालला विजयनाथ शेणॉय यांनी तर पडायला आलेली अख्खी घरं आणून हेरिटेज व्हिलेज उभं केलं. हे करायचं असेल तर उतरवतानाच प्रत्येक लाकडावर क्रमांक घालावा लागतो, खणांचा नकाशा काढावा लागतो, कुठलं कुसू कुठल्या खाचेतलं हे लिहून ठेवावं लागतं. आजच्या टोळीतल्या माणसांना हे येतं. एखाद्याला मुळशीकडे किंवा अलिबागला वाडा पुन्हा उभारायचा असेल तर ती खडूने क्रमांक घालून तसा उतरवून देतातही. मात्र त्याला दिवस जास्त लागतात. विकसकाकडे एकेका दिवसाचं भाडं आणि व्याज चढत असतं, त्यामुळे तो पोकलेन आणतो. पोकलेनच्या जबड्यात तुळई मधोमध चिरते, आणि मग ती जळणाच्या भावाने जाते. सव्वाशे वर्षं टिकलेल्या आणि अजून तेवढीच टिकेल अशा लाकडाचं हे असं व्हावं याला काही कारण नाही, घाई सोडून.

पुनर्विकासाच्या सभांना मी बसलो आहे. चटई क्षेत्र, कॉर्पस, संक्रमण काळातलं भाडं, पार्किंग यांवर तासन् तास वाद होतो आणि तो व्हायलाच हवा. जुन्या इमारतीतलं साहित्य कोणाचं, ते कसं उतरवायचं, त्याला किती दिवस द्यायचे, हा विषय पत्रिकेवर मी पाहिलेला नाही. मसुद्यात सरसकट एकच वाक्य येतं, की पाडकामातून निघणारं सर्व साहित्य विकसकाचं. त्याच जागी लिहिता येईल की लाकडी सांगाडा हाताने उतरवला जाईल, त्यासाठी इतके दिवस राखून ठेवले जातील, सिमेंटचे पत्रे न फोडता सोडवले जातील, आणि सभासदांनी नोंदवलेल्या वस्तू त्यांना परत मिळतील. पाडण्याआधी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना मोजमापं घ्यायला आत सोडलं जाईल, हेही. या कलमांसाठी वेगळा कायदा लागत नाही. विषय सभेपुढे कोणीतरी मांडावा लागतो, आणि तो निविदा निघायच्या आधी.